परीक्षेपुरता भाऊ

फ्रेमवाल्या काकांना भाऊ नव्हता. थोरला नाही, धाकटा नाही, चुलत-मावस म्हणून ओढूनताणून जवळ करावा असाही कोणी नाही. आईबापांना ते एकटेच, आणि बायको वारल्यापासून घरातही एकटेच. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. लोक आपापली माणसं कागदावर घेऊन यायचे आणि काका त्यांना काच, पुठ्ठा आणि लाकडी पट्टी लावून भिंतीवर राहण्याजोगी करून द्यायचे. काच कापताना बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. काच कापायचा हिरा एकदाच फिरवायचा. दुसऱ्यांदा फिरवला की काच आपल्याला हवी तिथे तुटत नाही, तिला वाटेल तिथे तुटते, आणि बोलत बोलत काम करणारा माणूस हमखास दुसऱ्यांदा फिरवतो. या नियमाची त्यांना इतकी सवय झाली होती की पुढ्यात काच नसली तरी ते फारसे बोलत नसत.

सगळा बाजार त्यांना काका म्हणे. शाळेतली पोरं, पोस्टमन, एवढंच काय, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला शेजारचा घड्याळजीसुद्धा. बाबा म्हणणारं माणूस या जगात एकच होतं, आणि ते समुद्रापलीकडे, दुसऱ्या देशात होतं. लेकीला दिवस गेले होते. जावई जहाजावर नोकरीला, म्हणजे लग्न झालेला आणि तरी घरात नसलेला माणूस. "बाबा, त्या वेळेला माझ्याजवळ कोणीतरी आपलं हवं," असं ती फोनवर एकदाच म्हणाली होती. ती पुन्हा म्हणाली नाही, म्हणूनच काकांच्या मनात ते घर करून राहिलं.

जायचं तर तिथल्या सरकारची इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागे. वाचण्या-लिहिण्याचं काका कसंबसं निभावून नेत. उतारा वाचायचा आणि खाली विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याच उताऱ्यातून हुडकून काढायची, हे तर त्यांना चक्क आवडायचं. उत्तर आधीच कोणीतरी मांडून ठेवलेलं असतं, आपण फक्त नीट पाहायचं; हे काम त्यांच्या धंद्याला जवळचं होतं. रिकाम्या जागाही ते भरत. घोडं पेंड खायचं ते बोलण्यात. पहिल्या खेपेला समोरच्या परीक्षकाने, तुमच्या कुटुंबाविषयी सांगा, असं म्हटलं तेव्हा काका 'येस' म्हणून गप्प बसले. दुसऱ्या खेपेला 'नो' म्हणून पाहिलं. आता तिसरी खेप होती. तीनदा नापास झालेल्याला पुढे बराच काळ बसू देत नसत, म्हणजे ही हुकली तर पुन्हा बसायला मिळेपर्यंत लेकीचं मूल चालायला लागलं असतं.

शिकवणी एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत चालायची. खालून इस्त्रीची वाफ फळ्यांच्या फटींतून वर यायची, त्यामुळे त्या खोलीत इंग्रजीला कायम ओल्या सुताचा वास असे. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या, जिभेने तिखट आणि मनाने बऱ्या.

"काका, तुमची अडचण इंग्रजी नाहीच," त्या एकदा म्हणाल्या. "तुम्हाला स्वतःविषयी बोलता येत नाही. आपल्या भाषेत तरी बोलता का?"

"कशाला बोलायचं? ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच असतं."

"आणि ज्यांना नाही?"

"त्यांना काय करायचंय माहीत करून?"

मागच्या बाकावरचा ट्रक ड्रायव्हर खुसुखुसु हसला. बाईंनी खडू ठेवला. "ठीक आहे. मग दुसऱ्याविषयी बोला. तुम्हाला एक थोरला भाऊ आहे असं धरून चला."

"पण नाहीये."

"अहो, परीक्षक काय घरी येऊन माणसं मोजणार आहेत? त्यांना वाक्यं हवीत. खऱ्याला जास्त मार्क आणि खोट्याला कमी, असं काही नसतं तिथे. सुट्टी विचारू देत, जेवण विचारू देत, हवापाणी विचारू देत, काहीही विचारलं तरी तुम्ही गाडी भावाच्या घरावरून न्यायची."

"रस्ता लांबचा पडला तरी?" ड्रायव्हरने विचारलं.

"लांबचा पडला तर बरंच. तेवढंच जास्त बोलणं होतं."

हा काही बाईंनी काकांसाठी काढलेला खास तोडगा नव्हता. त्या खोलीत प्रत्येकाजवळ असं एकेक ठेवणीतलं असे. ड्रायव्हरने एक आवडतं पुस्तक पाठ केलं होतं, जे कोणी लिहिलंच नव्हतं. दवाखान्यातून परस्पर शिकवणीला येणारी एक नर्स होती, तिने बर्फाच्या डोंगरावरची एक सहल तयार केली होती, आणि न केलेल्या त्या सहलीत तिचा पाय कुठे मुरगळला ते ती इतकं हुबेहूब सांगे की ऐकणाऱ्याने तिच्या पायाकडे बघावं.

तसा काकांना भाऊ मिळाला. त्यांना येणारे इंग्रजी शब्द मूठभर, त्यामुळे भाऊही त्या मुठीत मावेल एवढाच झाला. तो उंच होता, कारण उंच म्हणता येत होतं. कोट निळा होता, कारण सगळ्या रंगांत निळ्यावर जीभ अडखळत नसे. तो नदीजवळ राहायचा, लवकर उठायचा, लांब फिरायला जायचा आणि सफरचंद खायचा. इंग्रजी शिकणाऱ्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सफरचंद आवडायला लागतं, त्याला इलाज नाही. आजारांची नावं काकांना येत नव्हती म्हणून भाऊ ठणठणीत होता. राहता राहिली बायको. ती वारली असं सांगायला जे वाक्य लागतं ते काकांच्या तोंडून सरळ येईना. दर वेळी बाई मधेच थांबवायच्या, पुन्हा म्हणा म्हणायच्या, आणि पुन्हा म्हणताना काकांचा चेहरा असा व्हायचा की एकदा नर्स खिडकीबाहेर बघायला लागली. शेवटी काकाच म्हणाले, "राहू द्या. त्याची बायको आहे." अशी भावाची बायको हयात राहिली. ती संध्याकाळी खिडकीशी बसून त्याची वाट पाहायची, कारण खिडकी आणि वाट पाहणं हे दोन्ही शब्द एकाच धड्यात होते.

गंमत म्हणजे भाऊ आला आणि काकांचं तोंड उघडलं. 'माय ब्रदर' एवढे दोन शब्द पुढे गेले की मागची वाक्यं आपोआप रांगेने यायची. दुकानात पट्ट्या घासताना ते पुटपुटत, आणि पुटपुटता पुटपुटता त्यांना कुतूहल वाटू लागलं. माणसाविषयी चार गोष्टी माहीत झाल्या की पाचवी काय असेल असं वाटतंच. एवढं लांब फिरायला जातो तो कुठे जातो? वाटेत कोणाशी बोलतो की आपल्यासारखाच? बायको त्याला काय म्हणून हाक मारते? शब्दकोशात असल्या गोष्टी मिळत नाहीत, म्हणून काका थोडं थांबून, मान कलती करून विचार करत, आणि कधी कधी उत्तर सुचायचंही.

एका संध्याकाळी आत्ता, या क्षणी काय चाललं आहे ते सांगण्याचा सराव होता. बाईंनी एकेकाला विचारत विचारत काकांवर बोट रोखलं. तुमचा भाऊ आत्ता काय करतो आहे?

काका न अडखळता इंग्रजीत म्हणाले, तो खाली उभा आहे. तो वाट पाहतो आहे.

वर्ग हसला, बाईंनी शाबास म्हटलं. काकाही हसले, पण मनातून त्यांना स्वतःचं नवल वाटलं, कारण हे वाक्य त्यांनी बनवलं नव्हतं. खिशात सहज हात घालावा आणि किल्ली बोटांना लागावी, तसं ते लागलं होतं.

पुढच्या शिकवणीला नर्स त्यांच्या शेजारी येऊन बसली. "काका, भावाला खाली कशाला ताटकळत ठेवता? वर बोलवायचं की."

"चेष्टा करतेस म्हाताऱ्याची?"

"चेष्टा कशाला? मागच्या वेळी मी निघाले तेव्हा लाँड्रीच्या दाराशी उभे होते की ते. निळा कोट. मीच म्हटलं त्यांना, काका येतायत मागून. तुम्हीच रेंगाळलात."

"काय म्हणाला?" काकांनी विचारलं. 'कोण' असं विचारायला हवं होतं हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

"इंग्रजीतच बोलतात हो ते. फाडफाड नाही, पण स्वच्छ. मला विचारलं, माझा भाऊ बोलायला लागला का? मी म्हटलं, तुमच्याबद्दल असलं की फार छान बोलतात. तर हसले, आणि हसता हसता पुढे काय सांगायचं होतं तेच विसरले."

आपल्या वाक्यांत काकांनी भावाला कधी हसवलं नव्हतं. नर्सच्या चेहऱ्याकडे त्यांनी नीट पाहिलं. दिवसभराची पाळी करून आलेला, थकलेला, साधा चेहरा होता, आणि चेष्टा लपवायचं त्राण त्यात नव्हतं.

भीती वाटायला हवी होती. पण काकांना वाटलं ते वेगळंच, लहानपणी विहिरीच्या काठावर पोटावर पडून आत डोकावताना वाटतं तसलं काहीतरी. शिकवणी सुटल्यावर ते लाँड्रीत शिरले. लाँड्रीवाला पाण्याचे शिंतोडे मारत होता.

"निळा कोट आलाय का कोणाचा?"

"तुमच्या भावाचा ना? झालाय. घेऊन जा."

"माझा भाऊ आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"ते सांगायला लागतं होय? तोंडावळाच ओरडून सांगतो. फरक एवढाच की ते दोन शब्द बोलतात, आणि तुम्ही तोंडात गुळणी धरून जाता-येता." असं म्हणत त्याने दांडीवरून कोट काढून काकांच्या हातात दिला.

कोट जड होता आणि इस्त्रीने अजून गरम होता, जणू नुकताच कोणीतरी अंगातून काढला असावा. कोपरं विरली होती. काकांनी तो अंगात घालून पाहिला. बाही पंज्याच्या खाली मूठभर लांब आली. मग त्यांनी खिशात हात घातला. तिथे केसांतला एक आकडा होता, साधा, काळा, मधे किंचित वाकलेला.

त्यांच्या बायकोला केस सोडताना आकडे खाली ठेवायची सवय नव्हती. ती एकेक काढून न बघता काकांच्या दिशेने धरायची, आणि काका तो घेऊन आपल्या खिशात टाकायचे. दोघांचं बोलणं चालू असो, भांडण असो, अबोला असो, यात खंड पडत नसे. ती गेल्यावर पुष्कळ दिवस त्यांच्या सदऱ्यांच्या खिशांतून असे आकडे निघत राहिले, आणि मग कधीतरी निघायचे थांबले.

हातातला आकडा काकांनी बराच वेळ पाहिला आणि होता तसा परत त्या खिशात ठेवला, कारण तो दुसऱ्याच्या बायकोचा होता.

"राहू दे," ते लाँड्रीवाल्याला म्हणाले. "ज्याचा आहे तो नेईल."

त्यानंतर काका शिकवणी सुटली की सगळ्यांच्या आधी जिना उतरू लागले. पण गाठ पडेना. कधी लाँड्रीवाला म्हणायचा, हे काय, आत्ताच तर गेले. कधी घड्याळजी सांगायचा, तुमचे बंधू येऊन काचेतून बघून गेले, आत तुम्ही मान खाली घालून काम करत होता म्हणून हाक मारली नाही म्हणाले. काका रस्त्यावर येऊन दोन्ही बाजूंना बघत. फार लांब एखादी उंच आकृती वळणावरून नाहीशी होताना दिसे, आणि ती कोणाचीही असू शकली असती.

परीक्षा जवळ आली तशी बाईंनी खोटी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. एकाने खुर्चीत बसायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. काका बसले. घर झालं, बाजार झाला, हवापाणी झालं. काकांनी प्रत्येक वेळी गाडी बिनबोभाट भावाच्या घरावरून नेली. मग बाईंनी विचारलं, तुमच्या मुलांविषयी सांगा.

काकांनी तोंड उघडलं. इंग्रजीत लेकीला शब्द आहे, तो त्यांना येत होता, पण त्या एका शब्दामागून एवढं काही दाराशी येऊन उभं राहिलं की कोणालाच बाहेर पडता येईना. वर्ग थांबला. खालून इस्त्री टेकवल्याचा आवाज आला.

"वळवा, काका," बाई हळूच म्हणाल्या. "भावाकडे वळवा."

माझ्या भावाला एक मुलगी आहे, ते म्हणाले. आणि मग ओघ सुटला. ती लांब राहते. ती लहान असताना माझा भाऊ तिला खांद्यावर घेऊन नदीवर जायचा. तिला बाळ होणार आहे. माझा भाऊ आणि त्याची बायको तिच्याकडे जाणार आहेत. ती एकटी राहणार नाही.

ड्रायव्हरने टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली ठेवले.

"परीक्षेत हेच बोला," बाई म्हणाल्या. "एक शब्द बदलू नका."

घरी जाताना काकांना सारखं वाटत राहिलं की आपण शेजाऱ्याला वापरायला काहीतरी दिलं आहे, आणि परत कधी देशील ते विचारायचं राहून गेलं आहे.

लेकीचा फोन आठवड्यातून एकदा सकाळी यायचा. तो त्या आठवड्यातही आला. काकांनी उचलला.

"काका," लेक म्हणाली, "तुम्ही तरी समजवा ना बाबांना."

काकांना वाटलं, तिच्या घरी कोणीतरी आलं असेल, ती त्याच्याशी बोलत असेल. ते थांबले.

"हॅलो? काका, ऐकताय ना?"

"कोणाला समजावू?"

"बाबांना हो. परीक्षेचं केवढं टेन्शन घेतलंय त्यांनी. आई सांगत होती, जेवणावरही लक्ष नाही म्हणून."

काकांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "आई सांगत होती?"

"काल अर्धा तास बोलत होती. मी म्हटलं, बाळासाठी लोकरीचं इथेच विकत घेते, तर रागावली. म्हणाली, विकतचं टोचतं, मी विणून आणते. आणि बाबांना म्हणे नदीवर जायचं सुचतं, पण माझी लोकर गुंडाळून द्यायला बसवत नाही." लेक हसली. "तुम्ही दोघं भांडलात का? तुमचा विषय काढला की बाबा नुसते हसतात आणि पुढे बोलायचंच विसरतात."

अगं, मीच तुझा बाबा, हे वाक्य काकांच्या जिभेवर होतं. त्यात एकही अवघड शब्द नव्हता. पण आदल्या दिवशी आईशी बोललेल्या लेकीचा आवाज वेगळा असतो. तो आवाज काकांनी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता, आणि तो असा असतो हे ते विसरूनही गेले होते. वाक्य जिभेवरच राहिलं.

"आई आणखी काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

ती सांगत गेली आणि काका ऐकत गेले. लोकरीचा रंग कोणता, विणताना टाके कुठे चुकले, कोणाच्या आठवणीने डोळ्याला पाणी आलं. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्यांना आपला चहा गार झाल्याचं कळलं नाही.

पण परीक्षेच्या दिवशी बसमध्ये बसल्यावर त्यांनी मनाशी पक्कं केलं. भाऊ पुरे झाला. लेक आपली, तिचा बाप आपण, आणि बोलायचं ते आपण आपलंच बोलायचं. मागचे कित्येक दिवस ते दुकानात गुपचूप स्वतःविषयीची वाक्यं तयार करत होते. मी तसबिरींना चौकटी करतो. मला एक मुलगी आहे. आणि ते तिसरं, जे कधी सरळ येत नव्हतं, तेही म्हणून म्हणून गुळगुळीत झालं होतं, पट्टी घासून घासून व्हावी तसं.

परीक्षेची खोली लहान होती. टेबल, दोन खुर्च्या, आवाज टिपून घेणारं यंत्र. परीक्षक पन्नाशीचा होता, त्याला पडसं झालं होतं आणि त्याबद्दल त्याने आधीच माफी मागितली. मग त्याने बटण दाबलं आणि म्हणाला, तुमच्या कुटुंबाविषयी सांगा.

मला, काका म्हणाले, आणि थांबले.

परीक्षकाने घाई केली नाही. रुमालाने नाक पुसलं आणि मदत करावी म्हणून विचारलं, तुमच्या घरी कोण कोण असतं? पत्नी असते का?

ते तिसरं वाक्य काकांच्या तोंडात तयार होतं. एकही चूक नसलेलं, पहिल्यांदाच. काचेवर रेघ मारून झाली होती, आता अंगठ्याचा नुसता दाब द्यायचा होता. लेक परत घ्यायची तर तिच्यामागून हे वाक्य म्हणावंच लागणार होतं. एकदा ते दवाखान्याच्या आवारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं, आणि त्यानंतर ते खरं झालं होतं. काकांनी परीक्षकाकडे पाहिलं. मग त्याच्या मागच्या भिंतीकडे. आणि त्यांच्या डोळ्यांपुढे सुया आल्या, लोकरीच्या दोन सुया, खिडकीशी बसलेल्या कोणाच्यातरी हातात एकमेकींना टेकणाऱ्या.

माझ्या भावाला, ते म्हणाले, एक मुलगी आहे.

ते सगळं बोलले. वेळ संपेपर्यंत बोलले. परीक्षक पडसं विसरून पुढे झुकला होता. शेवटी यंत्र बंद करण्याआधी त्याने सहज, कागदावर नसलेला एक प्रश्न विचारला. आणि तिची आई? तिची आई बरी आहे ना?

ती बरी आहे, काका म्हणाले. ती विणते आहे.

निकाल विचारायला ते शिकवणीच्या खोलीत गेले तेव्हा बाई फळा पुसत होत्या. नर्स आणि ड्रायव्हर केव्हाच आपापल्या परदेशी निघून गेले होते, बाकांवर नवी माणसं बसत होती.

"काका," बाई आनंदाने म्हणाल्या, "तोंड गोड करा आता. तुमचे भाऊ पास झाले. बोलण्यात तर त्यांच्याएवढे मार्क या खेपेला कोणालाच नाहीत."

"आणि मी?"

बाईंचा हात फळ्यावर थांबला. "तुम्ही कुठे बसला होतात, काका? तुम्ही तर त्यांना सोबत म्हणून यायचात."

काकांनी मागच्या बाकाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. "बाई," ते हळूच म्हणाले, "हा भाऊ तुम्हीच दिला होता मला. परीक्षेपुरता."

बाई हसल्या. म्हातारी माणसं थट्टा करतात तेव्हा तरुण माणसं मान राखून हसतात, तशा. "तुम्ही बोलत नाही बोलत नाही, आणि बोललात की असं," त्या म्हणाल्या, आणि फळा पुसू लागल्या.

काका जिना उतरले. लाँड्रीतल्या दांडीवर निळा कोट नव्हता. त्यांनी विचारलं नाही.

दिवस गेले. घड्याळजीने दुकान कायमचं बंद केलं. काकांकडे काम भरपूर होतं, आणि त्यांचं बोलणं पुन्हा पूर्वीइतकंच कमी झालं. इंग्रजीतलं एक वाक्य सहज म्हणून पाहावं म्हटलं तर शब्द सापडत नसत. दुपारी काच कापायला बसल्यावर कधी कधी हात मधेच थांबे. एवढ्यात ती दोघं विमानतळावर उतरली असतील का, सामानात लोकरीचं वर ठेवलं असेल की तळाशी, वाटेत कोणी काही विचारलं तर भाऊ काय उत्तर देत असेल, असं सगळं त्यांना वाटत राही, आणि त्यात दुःख नव्हतं असं नाही. पण त्याहून जास्त, पुढे काय झालं ते कळावं एवढीच एक तहान असे.

फोन आला तो अशाच एका दुपारी, लेकीच्या नेहमीच्या वेळेला सोडून.

"काका, मुलगा झाला."

काका काही बोलले नाहीत. लेकीला त्यांची सवय होती, तिने वाट पाहिली नाही. "आईबाबा अगदी वेळेवर पोचले हो. बाबांनी विमानतळावर सगळ्यांशी बोलून बोलून वाट काढली, आई म्हणते मला लाज वाटायची वेळ आली. आता बाबा बाळाला घेऊन खिडकीशी उभे आहेत. हातातून खाली ठेवायला तयार नाहीत."

"तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे, काका. मला कसली काळजी? सगळे आहेत ना माझ्याजवळ."

"हं," काका म्हणाले. "बाळ कोणावर गेलंय?"

तिकडे लेकीने फोन जरा लांब धरला असावा. खोलीत कोणीतरी, एका बाईने, काहीतरी म्हटलं. शब्द लागले नाहीत, पण काकांनी डोळे मिटून घेतले. मग लेकीचं हसू पुन्हा जवळ आलं.

"आई म्हणते, बाकी सगळा बाबांचा आहे. नाक तेवढं काकांचं घेतलंय."

काकांनी हातातला हिरा खाली ठेवला, आणि कोणी बघत नाहीसं पाहून हळूच आपलं नाक चाचपून पाहिलं.